वतन, माती आणि उपरे

हिंदी किंवा उर्दू कवितेत 'वतन' हा शब्द आला की त्या भाषांचा वाचक हळवा होतो. मराठी वाचकाचे तसे होत नाही. आमच्या कानांना या शब्दासोबत पाटीलकी ऐकू येते, कुलकर्ण ऐकू येते, सनदा आणि महजर, होळीच्या पहिल्या पोळीचा मान, पोळ्याच्या पहिल्या बैलाचा मान, आणि या मानांपायी पिढ्यान्‌पिढ्या चाललेले भाऊबंदांचे खटले ऐकू येतात. मूळ अरबी शब्द एकच. तिकडे तो मायदेश झाला. इकडे तो बापाकडून मुलाकडे जाणारा हक्क झाला. नागरिकत्वाविषयीचे अलीकडचे वाद वाचताना आम्हांस वारंवार असे वाटले की, या बाबतीत मराठी अधिक स्पष्टवक्ती आहे. मायदेश हीदेखील अखेर एक मिळकत असते; आणि मिळकत म्हटली की ती कोणाच्या वाट्याला आली नाही, हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

हा विचार नवा नव्हे. जोसेफ कॅरेन्स यांनी १९८७ सालच्या एका गाजलेल्या निबंधात श्रीमंत लोकशाही देशांच्या नागरिकत्वाची तुलना सरंजामी काळातील जन्मजात विशेषाधिकारांशी केली. अयेलेत शचार यांनी २००९ साली 'द बर्थराइट लॉटरी' या ग्रंथात ती तुलना वारसाहक्काच्या संपत्तीपर्यंत नेली. युक्तिवाद थोडक्यात असा : एखादे मूल स्टॉकहोममध्ये जन्मते आणि दुसरे सोमालियात, यात दोघांचेही कर्तृत्व शून्य, तरीही एकाला शाळा, औषध आणि मतपत्रिका आपोआप मिळते, आणि दुसऱ्याला ती मिळवण्यासाठी समुद्र ओलांडून दारात उभे राहून आपली पात्रता सिद्ध करावी लागते. जो कष्टाने येतो त्याची परीक्षा. जो आयता आला त्याची काहीच नाही. हा कसला न्याय?

महाराष्ट्रात हा युक्तिवाद चटकन पटतो. 'वेणीसंहार' नाटकातील कर्ण जन्म आणि पौरुष यांविषयी अश्वत्थाम्याला जे ऐकवतो ते आमच्या वाचकांतील अनेकांनी शाळेतच पाठ केलेले असेल. फुल्यांपासून आंबेडकरांपर्यंतची सारी परंपरा हेच सांगत आली की, जन्माने काही सिद्ध होत नाही. तेव्हा जन्माने नागरिकत्व देणारा कायदा हा जातिव्यवस्थेचाच एक मोठा भाऊ आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, असे इतिहास पाहिल्यावर आम्हांस वाटते. का, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

मराठी खेड्यात अनोळखी पोराला दोन प्रश्न विचारतात. एक, "कुणाचा रे तू?" आणि दुसरा, "कुठला?" दोन्ही प्रश्न जन्माविषयीचेच, पण पहिल्याच्या उत्तरात कूळ येते, आडनाव येते, जात येते. दुसऱ्याच्या उत्तरात फक्त जागा येते. कायदेपंडितांनी यांनाच लॅटिन नावे दिली आहेत. रक्ताचा न्याय तो 'युस सांग्विनिस' आणि मातीचा न्याय तो 'युस सोली'. जगातील बहुतेक सर्व नागरिकत्व कायदे या दोन प्रश्नांच्या कमीअधिक मिश्रणातून बनलेले आहेत. 'जन्म' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला की घोटाळा होतो.

आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यात पहिल्या प्रश्नाचेच राज्य होते. शेतकऱ्यांचे दोन वर्ग : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरागत. गावच्या कारभारात, मानपानात, गोतसभेत त्याला स्थान. उपरी बाहेरून आलेला, कौलावर किंवा उक्त्यावर जमीन कसणारा. तो पिढीभर त्याच शिवारात राबला तरी त्याचे बस्तान मिरासदाराच्या बरोबरीचे होत नसे. उलट, कर्जापायी किंवा दुष्काळापायी गाव सोडून गेलेल्या मिरासदाराचा हक्क मात्र सहजी बुडत नसे. तो वा त्याचा वारस पुष्कळ वर्षांनी परतून जमिनीवर दावा सांगू शके. उपऱ्याला मिरास मिळण्याची वाट अगदीच बंद नव्हती. मिरासपत्र करून, किंमत मोजून, गावाच्या साक्षीने ती मिळू शके. म्हणजे जन्माने हक्क आणि अर्जाने हक्क, दोन्ही दारे तेथे होती. पहिल्या दाराशी कोणी काही विचारीत नसे, दुसऱ्याशी सारा गाव बसलेला असे. गाव सोडून गेलेला मिरासदार आणि गावात राबणारा उपरी ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती दिल्लीच्या एका कायद्यात पुन्हा भेटणार आहे.

मातीचा न्याय काही उदात्त विचारातून जन्माला आला असे नाही. इंग्लंडात १६०८ साली कॅल्व्हिनच्या खटल्यात तो पक्का झाला. स्कॉटलंडचा राजा जेम्स १६०३ साली इंग्लंडच्याही गादीवर बसला. त्यानंतर स्कॉटलंडात जन्मलेल्या बालकाला इंग्लंडात जमीन धारण करता येईल काय, हा प्रश्न होता. न्यायाधीशांनी होय म्हटले, कारण जो राजाच्या अमलाखाली जन्मला तो राजाचा. यात बालकाच्या हक्कापेक्षा राजाची मालकीच अधिक आहे. म्हणूनच क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १८०४ च्या संहितेत रक्ताचा न्याय स्वीकारला तेव्हा ते पाऊल पुरोगामी ठरले होते : माणूस जमिनीला जखडलेला नाही, तो आपल्या कुटुंबाचा आहे. दोन्ही तत्त्वांना जन्मजात पुण्य वा पाप चिकटलेले नाही. ती कोणाविरुद्ध वापरली जातात यावर सारे अवलंबून असते.

अमेरिकेत मातीचा न्याय गुलामगिरीविरुद्ध वापरला गेला. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज अमेरिकेचे नागरिक असू शकत नाहीत. तेथेच जन्मले, त्यांच्या आज्याही तेथेच जन्मल्या, तरी नाही. 'कुणाचा' या प्रश्नाने 'कुठला' हा प्रश्न गिळून टाकला होता. यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली : अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राखालील प्रत्येक व्यक्ती नागरिक. बाप कोण, आई कोण, रंग कोणता, काही विचारायचे नाही. जन्माने लादलेली गुलामी पुसण्यासाठी पुन्हा जन्मच कामी आला, मात्र दुसऱ्या अर्थाने. यातही एक क्रूर अपवाद राहिला. त्या मातीवर सर्वांत आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवासी जमातींना १८८४ च्या एका निकालाने या तरतुदीबाहेर ठेवले. त्या सर्वांना नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडावे लागले.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. न्यायालयाने मान्य केलेल्या हकिकतीप्रमाणे त्याच १८७३ साली सान फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत एका व्यापाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव वाँग किम आर्क. फुल्यांना ज्या लढ्याचे कौतुक वाटले त्याच लढ्यातून निघालेली दुरुस्ती पुढे या मुलाच्या कामी आली. हा केवळ योगायोग असला तरी आम्हांस तो नोंदवून ठेवावासा वाटतो.

वाँगच्या आईबापांना नागरिक होता येण्याजोगे नव्हते. परक्यांना नागरिक करून घेण्याचा अमेरिकेचा १७९० सालचा पहिला कायदा केवळ 'मुक्त गोऱ्या' व्यक्तींसाठी होता. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, परंतु आशियाई लोक बाहेरच राहिले. १८८२ साली चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी आली आणि चिनी माणसाला नागरिक करून घेण्याची न्यायालयांना स्पष्ट मनाई झाली. पुढे आईबाप चीनला परतले. मुलगा स्वयंपाक्याचे काम करीत अमेरिकेतच राहिला. १८९४ साली तो त्यांना भेटायला गेला तेव्हा आपण येथेच जन्मलो आहोत असे सांगणारे, गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचे पत्र त्याने बरोबर घेतले होते. ऑगस्ट १८९५ मध्ये 'कॉप्टिक' बोटीने परतल्यावर त्याला उतरू दिले गेले नाही. बंदरात उभ्या असलेल्या बोटींवर तो काही महिने अडकून पडला. ज्या शहरात जन्मला ते शहर समोर दिसत होते.

सरकारचे म्हणणे सरळ होते. आईबाप चिनी सम्राटाचे प्रजाजन, तेव्हा मुलगाही त्यांचाच. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ते अमान्य केले. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी कॅल्व्हिनच्या खटल्यापासूनची इंग्रजी परंपरा उलगडून दाखवली आणि चौदाव्या दुरुस्तीतील शब्दांना त्यांचा साधा अर्थ दिला. येथे जन्मला तो येथला. विरोधी मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती हार्लन होते, हे वाचून आम्ही थबकलो. दोनच वर्षांपूर्वी रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद वैध ठरवणाऱ्या निकालात एकट्याने विरोध नोंदवणारे ते हेच हार्लन. परंतु त्या उदात्त मतपत्रातही त्यांनी चिनी लोकांना नागरिकत्वास अपात्र अशा परक्या वंशाचे म्हणून वेगळे काढले होते. माणसे अशी मिश्र असतात, आणि मोठी माणसे तर फारच.

निकालाने वाँगचा त्रास संपला नाही. १९०१ साली टेक्सासमधील एल पासो येथे त्याला पुन्हा अटक झाली आणि पुन्हा सारे सिद्ध करावे लागले. १९१० साली त्याचा चीनमध्ये जन्मलेला थोरला मुलगा आला. तो 'कुणाचा' या वाटेने आला होता. अमेरिकन नागरिकाचा मुलगा म्हणून. चौकशीत बापलेकांच्या उत्तरांत विसंगती आढळली म्हणून त्याला परत पाठवले गेले. धाकटे भाऊ पुढे याच वाटेने आत येऊ शकले, पण तेही जबान्या देऊनच. त्या घरात बाप मातीवर तरला आणि थोरला लेक रक्तावर हरला. मातीचा न्याय एकच गोष्ट विचारतो. रक्ताच्या न्यायाला नाते शाबीत करावे लागते, आणि नात्याची उलटतपासणी कधी संपत नाही.

आता दुसरे दार पाहू. भगतसिंग थिंड १९१३ साली पंजाबातून अमेरिकेत गेले, ऑरेगनमध्ये लाकडाच्या कारखान्यांत राबले, १९१८ साली अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले आणि सन्मानपूर्वक निवृत्त झाले. कष्टाने मिळवलेले नागरिकत्व म्हणतात ते याहून वेगळे काय असणार? ते त्यांना दोनदा देण्यात आले. पहिल्यांदा चार दिवसांत काढून घेतले गेले. दुसऱ्यांदा दिलेल्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्यात 'गोरी व्यक्ती' हेच शब्द होते, त्यामुळे थिंड यांच्या बाजूला आपण गोरे आहोत हे सिद्ध करणे भाग पडले. त्यासाठी त्यांनी जो पुरावा मांडला तो वाचताना मान खाली जाते. आपण उच्च जातीचे आहोत, आर्य वंशाचे आहोत, आणि जातिबंधनांमुळे आपले रक्त शुद्ध राहिले आहे. ज्या पत्राने भारतात लाखो माणसांना विहिरीपासून दूर ठेवले तेच पत्र थिंड यांनी अमेरिकेच्या दारात पुढे केले. आम्ही यात त्यांना फारसा दोष देत नाही. दाराशी बसलेल्याने 'कुणाचा' एवढेच विचारायचे ठरवले असेल तर येणारा दुसरे काय उत्तर देणार?

ते उत्तरही पुरे पडले नाही. तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला याच न्यायालयाने सांगितले होते की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, केवळ उजळ कातडीचा नव्हे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी थिंड यांना सांगण्यात आले की, कॉकेशियन असून भागत नाही. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांचे. सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. परीक्षा घेणारा परीक्षार्थी असताना पेपर सोपा होता, एवढेच म्हणायचे.

या निकालानंतर ज्यांना नागरिकत्व मिळालेले होते अशा भारतीयांवरही दावे लागले. थिंड यांचे एक वकील सखाराम गणेश पंडित १९१४ पासून नागरिक होते. त्यांच्यावरही दावा झाला, मात्र तो ते जिंकले. वैष्णोदास बगई यांना ते जमले नाही. पेशावरहून बायकोमुलांसह आलेला, सान फ्रान्सिस्कोत दुकान थाटलेला हा गृहस्थ १९२१ साली नागरिक झाला होता. ते काढून घेतले गेले आणि तो ना अमेरिकेचा, ना मनाने ब्रिटिश साम्राज्याचा असा मधेच राहिला. १९२८ साली त्याने आत्महत्या केली. थिंड यांना नागरिकत्व मिळाले ते १९३६ साली, महायुद्धात लढलेल्यांसाठी आदल्या वर्षी वेगळा कायदा झाला म्हणून. वाँगला कोणतीही गुणवत्ता दाखवावी लागली नव्हती. म्हणूनच, चिनी लोकांविषयी द्वेष शिगेला पोहोचला असतानाही, तो टिकला. थिंड यांची गुणवत्ता निर्विवाद होती. पण गुणवत्तेची व्याख्या दुसऱ्याच्या हातात होती. जन्माने मिळणारे नागरिकत्व 'न कमावलेले' असते ही त्याची खोड समजली जाते. आम्हांस तर दुर्बलाच्या दृष्टीने तोच त्याचा गुण दिसतो, कारण जे कमावल्याबद्दल मिळाले नाही ते नालायकीच्या सबबीवर काढून घेणे कठीण असते.

भारताची घटना घडत असताना हा सारा इतिहास फार जुना झालेला नव्हता. २९ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीत मूलभूत हक्कांच्या अहवालातील नागरिकत्वाचे कलम वल्लभभाई पटेलांनी मांडले तेव्हा त्याची शब्दरचना चौदाव्या दुरुस्तीच्या वळणाची होती. हरकतींना उत्तर देताना पटेलांनी दक्षिण आफ्रिकेचा दाखला दिला. तेथे जन्मलेल्या भारतीयांसाठी आपण तेथील नागरिकत्व मागतो. मग स्वतःच्या घरी अरुंद दृष्टी ठेवणे योग्य नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परदेशी मातीचा न्याय मागायचा आणि घरी रक्ताचा चालवायचा, या दुटप्पीपणावर इतके नेमके बोट फार थोड्यांनी ठेवले आहे.

मग फाळणी झाली. एक कोटीहून अधिक माणसे इकडची तिकडे झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर उभे राहिले. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे पुन्हा चर्चेला आली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, एखाददुसरे कलम सोडले तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या कशाने झाली नाही. तीन दिवस चाललेल्या त्या चर्चेत सर्वांत तिखट टीका एका मराठी माणसाची होती. डॉ. पंजाबराव देशमुख म्हणाले की, या तरतुदीने भारताचे नागरिकत्व पृथ्वीवरील सर्वांत स्वस्त होईल. प्रवासातील एखादी परदेशी बाई योगायोगाने येथे बाळंत झाली तरी ते मूल भारतीय ठरेल. दुसरीकडे, दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू व शीख, तो कोठेही राहत असो, भारतीय नागरिकत्वास पात्र मानावा, अशी सूचना त्यांनी मांडली.

पंजाबरावांना धर्मांध म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि चूक आहे. अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उभे राहिलेले, वऱ्हाडातील बहुजनांच्या पोरांसाठी शिक्षणसंस्था काढणारे हे पुढारी. जन्मावर आधारलेल्या उच्चनीचतेशी ते आयुष्यभर भांडले. राष्ट्राच्या उंबरठ्यावर मात्र त्यांनी 'कुठला' हा प्रश्न स्वस्त मानला आणि 'कुणाचा' हा मौल्यवान. फाळणीने पोळलेल्या त्या दिवसांत त्यांना हिंदू-शिखांचा दुसरा आसरा दिसत नव्हता, हेही तितकेच खरे. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी धर्म वा वंश यांवरून माणसांत भेद करता येणार नाही अशी बाजू मांडली. पंजाबरावांच्या दुरुस्त्या टिकल्या नाहीत. पाचव्या कलमात भारतातील अधिवासाबरोबर स्वतःचा जन्म, आईबापांपैकी एकाचा जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य, यांपैकी काहीही पुरेसे ठरले. सहाव्या व सातव्या कलमांनी सीमा ओलांडणाऱ्यांसाठी तारखा आणि परवाने घातले. कायमचा कायदा संसदेने करावा, असे आंबेडकरांनी स्पष्टच केले होते.

संसदेने तो १९५५ साली केला. २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेला प्रत्येक जण, राजनैतिक प्रतिनिधींच्या मुलांसारखे थोडे अपवाद वगळता, नागरिक. पटेलांचा न्याय कायद्यात उतरला. तो सुमारे साडेसदतीस वर्षे टिकला. आसाममधील आंदोलन, १९८५ चा करार, आणि मग १९८६ ची दुरुस्ती : १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी नागरिक हवा. आसामी माणसाच्या भीतीला आम्ही कमी लेखत नाही. आपली भाषा आपल्याच गावात अल्पसंख्य होईल ही धास्ती मराठी माणसानेही मुंबईत अनुभवली आहे. त्यातूनच 'भूमिपुत्र' हा शब्द येथे रुळला. गंमत अशी की शब्द भूमीचा, कसोटी मात्र बहुधा आडनावाची.

२००३ ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली आणि अट आणखी कडक झाली. एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. याच दुरुस्ती कायद्याने 'भारताचे परदेशस्थ नागरिक' ही संकल्पनाही आणली, जी पुढे आणखी रुंदावली. त्यात मतदानाचा हक्क नाही, पण परदेशी जन्मलेल्या नातवालाही आजोबांच्या भारतीयत्वावर येथे आयुष्यभर ये-जा करण्याची आणि राहण्याची मुभा आहे. एकाच कायद्याने, येथे जन्मलेल्या काही मुलांना दार लावले आणि येथे कधी न आलेल्या काही नातवंडांना दार उघडले. वाचकांना गाव सोडून गेलेला मिरासदार आणि शिवारात राबणारा उपरी आठवला असेल. २०१९ च्या दुरुस्तीने शेजारच्या तीन देशांतून आलेल्यांसाठी सहा धर्मांची नावे कायद्यात लिहिली. सत्तर वर्षांपूर्वी फेटाळलेला पंजाबरावांचा मुद्दा वेगळ्या रूपाने परत आला. त्याच वर्षी आसामच्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली.

रक्ताचा न्याय कागदांवर चालतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते. आपला जन्म सिद्ध करणेच ज्यांना अवघड, त्यांनी आईबापांचा जन्म कोठून सिद्ध करायचा? लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले (१९८०) तेव्हा गावगाड्यातील तो जुना शब्द भटक्या कैकाडी समाजाच्या तोंडी आला. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि तो शिक्का १९५२ साली पुसला गेला. ही माणसे याच मातीची. परंतु ज्यांचे बाळंतपण पालावर झाले त्यांच्या जन्माची नोंद कोणत्या गावच्या दप्तरात शोधणार? 'कुठला' या प्रश्नाचे उत्तर त्यांना निदान देता येते. येथलाच.

या सगळ्याने कॅरेन्स आणि शचार यांचा आक्षेप खोडला जात नाही. मातीचा न्याय आत जन्मलेल्यांत भेद करीत नाही, पण बाहेर जन्मलेल्याला तो काहीच देत नाही. आणि बाहेरच्यांसाठी असलेले दार, ज्याला आपण गुणवत्तेचे समजतो, तेही जन्मच विचारते. अमेरिकेत गेलेल्या हजारो मराठी अभियंत्यांना हे ठाऊक आहे. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि तो देश मोजला जातो जन्मस्थळावरून. साताऱ्यात जन्मलेला माणूस मधल्या काळात कॅनडाचा नागरिक झाला तरी भारताच्याच रांगेत उभा राहतो, जिथे वाट पाहण्यात दशके जातात. त्याच कचेरीतला, तीच पदवी घेतलेला, पण आईवडील नोकरीनिमित्त दुबईत असताना तेथे जन्मलेला मराठी सहकारी अमिरातींच्या रांगेतून पुढे निघून जातो, जरी त्या देशाने त्याला नागरिक कधीच मानले नसले. एखाद्या घरात पुण्यात जन्मलेली थोरली मुलगी साधारण एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसाचे छत्र गमावते, आणि न्यू जर्सीत जन्मलेला तिचा धाकटा भाऊ जन्मापासून नागरिक असतो.

२० जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने अशा धाकट्या भावांचा हक्कही पुढे काढून घेण्याचे ठरवले होते. अनधिकृत आईबापांच्या मुलांबरोबरच, आई तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीर राहत असून बाप नागरिक वा कायम रहिवासी नसेल, तर तेथे जन्मलेले मूलही नागरिक मानायचे नाही, असे त्यात होते. खालच्या न्यायालयांनी तो अडवला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मनाईहुकमांच्या व्याप्तीपुरता निर्णय दिला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मूळ प्रश्न सुनावणीस घेतला. एडिसनमधल्या मराठी घरांतून आणि दिल्लीतल्या वृत्तपत्रांतून तेव्हा ज्या जुन्या खटल्याचे नाव घेतले जाऊ लागले, तो सान फ्रान्सिस्कोच्या बंदरात बोटीवर अडकून पडलेल्या त्या स्वयंपाक्याचा होता.